चौथ्या प्रकरणातली तळटीप

विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात तिचं नाव पुकारलं तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. माझ्या एका बाजूला तिचा नवरा होता, त्यानंही वाजवल्या, अगदी पुढच्या रांगेतल्या माणसानं मान वळवून बघावं इतक्या. दुसऱ्या बाजूला तिच्या सासूबाई होत्या. त्यांनी मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती आणि दवाखान्यात आपला नंबर कधी येतो याची वाट बघणारं माणूस बघतं तशा त्या समोर बघत होत्या.

"वाजवा की हो," मी हळूच म्हटलं.

"हात दुखतात," त्या म्हणाल्या.

हात दुखत नव्हते. सकाळी त्यांनी सगळ्यांच्या कपड्यांना इस्त्री केली होती, सुनेच्या काळ्या झग्यालासुद्धा. त्या टाळ्या का वाजवत नव्हत्या हे मला माहीत होतं, आणि मंचावर हसून पदवी घेणाऱ्या त्यांच्या सुनेलाही माहीत होतं.

ती शाळेत माझी विद्यार्थिनी. निबंधात अर्धा मार्क कापला होता म्हणून ती मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "बरं बाई, देते अर्धा मार्क, पण जा." तर म्हणाली, "मार्क नको बाई, चूक कुठली ते सांगा." दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. वर्गानं तिचं नाव 'चिकट' ठेवलं ते त्यावरून. ते नाव तिला इतकं शोभायचं की पुढे ती वकील झाली तेव्हा मला मुळीच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते तिनं लग्न एका अबोल चष्मेवाल्याशी केलं याचं. त्याचं दुकान माझ्या घराच्या मागच्या गल्लीत. खाली दुकान, वर घर. जिन्याच्या भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता लावलेला. सासूबाई रोज जिना चढताना शेवटची ओळ वाचायच्या आणि म्हणायच्या, "अजून दिसतंय हो सगळं. कोणी काय काय करतंय तेही दिसतंय."

खालच्या कोर्टात ती घरगुती भांडणांची कामं बघायची. त्यातल्या एका कामात ती हरली. अशील एक प्रौढ बाई होती. वडिलांची लाँड्री तिनं तरुणपणापासून चालवली होती. मागची खोली तुझीच, असं वडील तिला सगळ्यांसमोर म्हणायचे. वडील गेले आणि भावांनी विचारलं, कुठली खोली? कागद नव्हता. निकालपत्रात न्यायाधीशांनी लिहिलं होतं, 'नात्यात एवढा विश्वास होता, तर लेखी घ्यायला काय अडचण होती?' हे वाक्य तिच्या मनात काट्यासारखं रुतलं. ती माझ्याकडे येऊन बसली की चहा गार व्हायचा आणि ती तेच वाक्य उलटसुलट करून बघत राहायची.

एक दिवस म्हणाली, "बाई, मी विद्यापीठात नाव घातलंय. कायद्यातल्या संशोधनाच्या पदवीला."

"या वयात?"

"सासूबाईही हेच म्हणाल्या. त्या म्हणाल्या, पाटी मी आणून देते, पेन्सिल नवऱ्याकडून घे."

तिचा विषय होता घरातल्या घरात दिलेले तोंडी शब्द. बाप मुलाला देतो, भाऊ बहिणीला देतो, सासरा सुनेला देतो. असा शब्द कोर्टात कधी टिकतो आणि कधी टिकत नाही, हे तिला शोधायचं होतं. कायद्याच्या महाविद्यालयात शिकवायची एक जागा निघणार होती आणि त्यासाठी ही पदवी लागणार होती, हेही खरं. पण नुसत्या जागेसाठी कोणी जुन्या निकालांची इतकी धूळ खात नाही.

कोर्टाची रेकॉर्ड रूम मी एकदा पाहिली आहे. तिचा डबा घरी राहिला होता, तो द्यायला गेले होते. तळघरातली लांबट खोली, उंच लोखंडी मांडण्या, कापडात बांधलेले निकालांचे बस्ते आणि मधोमध एकच टेबल. तिथे ती नाकाला रुमाल बांधून बसली होती. तिथला कारकून मला म्हणाला, "मॅडम इथं आल्यापासून उंदरांनी बदली मागितली आहे."

वर्ष होऊन गेलं तरी तिला धागा सापडेना. साक्षीदार किती होते, दावा किती उशिरा लावला, वाडवडिलांची जागा होती की स्वतः घेतलेली, अशा सगळ्या बाजूंनी तिनं निकाल लावून बघितले. कुठलीच बाजू नीट बसत नव्हती. सारखीच गोष्ट, सारखेच साक्षीदार, आणि एकदा शब्द टिकलाय, एकदा पडलाय.

धागा सापडला तो स्वयंपाकघरात. हे मी ऐकीव सांगत नाही, मी तिथेच होते. सासूबाई मटार सोलत होत्या, मी त्यांना मदत करत होते आणि ती ओट्याला टेकून तीच रड सांगत होती. सासूबाई शेंगेवरची नजर न उचलता म्हणाल्या, "माझ्या वडलांनी मला खालची खोली देईन म्हटलं होतं. भावासमोर म्हटलं होतं."

इतक्या वर्षांत हे त्यांच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. मुलानंही नाही.

"मग? मागितली नाहीत?" तिनं विचारलं.

"मागितली. भाऊ म्हणाला, कागद दाखव. त्याला वरचा मजला मिळाला तो काय कागदावर मिळाला होता? तोही शब्दावरच. त्याला कोणी विचारलं नाही, कारण तो मुलगा. घरात कोण कागद करतं, म्हणाले सगळे. आणि मी मागितलं तर, कागद का नाही केलास?" त्यांनी शेंग उघडली. "किडकी निघाली."

ती ओट्यापासून दूर झाली. माझ्याकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं, आणि चपला घालून सरळ कोर्टात गेली. तोपर्यंत तिनं निकाल लावले होते ते शब्द कसा दिला यावरून. आता ते शब्द कोण मागतंय यावरून लावले. आणि बस्ते बोलायला लागले. मुलानं मागितलं की निकाल म्हणायचा, घरात कागद कोण करतो? मुलीनं, बहिणीनं, सुनेनं मागितलं की निकाल म्हणायचा, कागद का केला नाही? कधीकधी न्यायाधीश तेच, महिनाही तोच.

तिनं चौथं प्रकरण लिहिलं आणि मला भाषा बघायला दिलं. मी चार-दोन अनुस्वार दुरुस्त केले आणि तिची उद्गारचिन्हं काढून टाकली. त्यातलं एक वाक्य मला आजही पाठ आहे: 'घरात कागद होत नाहीत, ही गोष्ट मुलाच्या बाबतीत कारण ठरते आणि मुलीच्या बाबतीत दोष ठरते.' त्या वाक्याखाली तिनं तळटीप दिली होती: 'ही बाब प्रथम माझ्या सासूबाईंनी स्वतःच्या अनुभवावरून बोलून दाखवली.'

तळटीप तिनं सासूबाईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "एवढ्या बारीक अक्षरात?" मग जिन्यात गेल्या आणि तक्त्याची शेवटची ओळ मोठ्यानं वाचून आल्या.

आता सरांबद्दल. सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. मी त्यांना वाईट माणूस म्हणणार नाही, कारण ते तसे दिसत नाहीत आणि बहुधा स्वतःला वाटतही नाहीत. विद्यार्थ्यांच्या मुलांच्या परीक्षा त्यांच्या लक्षात असायच्या. कोणी आजारी असेल तर आवर्जून फोन करायचे. त्यांच्या खोलीत गेलं की आधी खुर्ची, मग पाणी, मग बोलणं. ते कॉम्प्युटरवर काही वाचत नसत. "डोळे चुरचुरतात गं, कागदावर दे," म्हणायचे, म्हणून ती सगळं छापून न्यायची. त्यांचे चष्मे तिच्या नवऱ्याच्याच दुकानातले.

चौथं प्रकरण वाचून सर खुर्चीतून उठले म्हणे. म्हणाले, "हे नुसतं प्रबंधात पुरून ठेवायचं नाही. लेख करू. आपल्या दोघांच्या नावानं. तुझं नाव आधी."

ती आनंदानं आमच्या घरी आली. मी विचारलं, "मग कधी?"

"सर म्हणाले, तू प्रबंध पुरा कर, लेखाचं मी बघतो."

नवरा तिला घ्यायला आला होता, दारातच उभा होता. तो फार बोलत नाही, पण तेव्हा बोलला. "अगं, हे लिहून दिलं का त्यांनी?"

"तुम्ही पण ना! गाईडकडून कोणी लिहून घेतं का? उद्या तुमच्याकडूनही घेऊ?"

आम्ही हसलो. आयुष्यभर अशिलांना 'आधी लेखी घ्या' म्हणून दटावणारी बाई, दिवसरात्र तोंडी शब्दांवरच संशोधन करणारी, आणि तिच्या मनाला ही शंका शिवली नाही. माझ्याही नाही. सरांचा शब्द होता.

प्रबंध पुरा झाला. विद्यापीठाचा नियम असा की प्रबंध दाखल करण्याआधी ग्रंथालयात तो कॉम्प्युटरला दाखवायचा. कुठून काही उचललंय का ते कॉम्प्युटर बघतो आणि उचललेला मजकूर रंगवून देतो. तिची सगळी पानं पांढरी आली, फक्त चौथं प्रकरण पिवळंधमक. ग्रंथपाल ओळखीच्या होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, हे कुठून घेतलंत? हे तर छापून आलंय."

छापून आलं होतं एका मोठ्या नियतकालिकात, सरांच्या एकट्याच्या नावानं. वाक्यं तिची, उदाहरणं तिच्या बस्त्यांमधली. मी दुरुस्त केलेले अनुस्वारही जसेच्या तसे. शेवटी एक ओळ होती: 'निकाल जमवण्याच्या कामी साहाय्य करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांचे आभार.' तळटीप नव्हती.

ती थेट सरांच्या खोलीत गेली. पुढचं बोलणं तिनं मला दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं सांगितलं. वकील असल्यामुळे तिला बोलणं शब्दाला शब्द आठवतं.

सरांनी आधी खुर्ची दिली. मग पाणी.

"सर, लेख."

"हो, आला ना! तुला दाखवणारच होतो. घाई झाली गं, संपादक मागे लागले होते."

"माझं नाव नाहीये."

"आभारात आहे की."

"आभारात विद्यार्थी आहेत, सर. मी नाहीये."

"हे बघ," सर म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले, "आपण इतकं बोलायचो. त्यात कुठली कल्पना तुझी, कुठली माझी, हे देवालाही सांगता येईल का? आणि तुझं नुकसान काय झालं? माझ्या लेखाचा संदर्भ दे, तेवढा भाग अवतरणचिन्हांत टाक, कॉम्प्युटर गप्प बसेल. उलट तुझ्या प्रबंधाला वजन येईल."

"आणि तळटीप?"

"कुठली?"

"सासूबाईंची."

"अच्छा, ती!" सर हसले, प्रेमळपणे हसले. "ती तेवढी काढ. वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. लेख माझा आणि मूळ म्हणणं तुझ्या सासूबाईंचं, हे कसं दिसेल?"

चिकट ती चिकटच. तिनं विद्यापीठाकडे तक्रार केली. तीन जणांची समिती बसली. समितीच्या दारापर्यंत मी गेले होते, साक्ष द्यायला तयार होते. मी प्रकरण वाचलं होतं, दुरुस्त केलं होतं. पण मला आत घेतलं नाही. तिच्या जुन्या बाई म्हणजे तिच्याच बाजूच्या, असं ठरलं. सासूबाईंना आणायचं ती म्हणाली तेव्हा समितीतले एक जण इतके हसले की मला बाहेर बाकावर ऐकू आलं.

तिनं कॉम्प्युटरमधल्या मजकुराच्या तारखा दाखवल्या. ते म्हणाले, तारखा बदलता येतात, आणि विद्यार्थिनीनं आधी टाइप केलं म्हणजे विचार तिचाच असं होत नाही. गाईडनं सांगितलेलंच विद्यार्थी टाइप करतो. तिनं विचारलं, सरांनी मला हे सांगितलं याचं एखादं टिपण सरांकडे आहे का? तेव्हा समितीच्या अध्यक्ष जरा रागावल्या. "गाईड आणि विद्यार्थी रोज बोलत असतात. त्याचे कागद कोण करतो?"

मग अध्यक्षच पुढे म्हणाल्या, समजुतीच्या सुरात, "तुम्ही म्हणता दोघांचं नाव लावायचं ठरलं होतं. तुमचा सरांवर एवढा विश्वास होता, तर लेखी घ्यायला काय अडचण होती?"

तेव्हा ती हसली. आवरेना तिला. ती दोन्ही वाक्यं तिनं कोर्टाच्या तळघरात इतक्यांदा वाचली होती की ती कोणी तिला तोंडावर म्हणून दाखवील असं तिला वाटलंच नव्हतं. समितीनं आपल्या अहवालात लिहिलं की तक्रारदार सुनावणीबाबत गंभीर नव्हत्या.

सरांचं पुढे काहीच झालं नाही. तिच्यापुढे मात्र दोन वाटा उरल्या. चौथं प्रकरण सरांच्या नावावर मान्य करून प्रबंध दाखल करायचा, नाहीतर प्रबंध मागे घ्यायचा आणि सगळा खटाटोप पाण्यात. नवा विषय, नवा मार्गदर्शक, आणि विभागात दुसरं कोणी तिला घ्यायला तयार नव्हतं. जो तो म्हणायचा, सर आमचे मित्र आहेत हो.

त्या संध्याकाळी तिच्या घरी जेवायला बसलो होतो, पण कोणी जेवत नव्हतं. नवरा म्हणाला, "सरांचा नवा चष्मा तयार आहे दुकानात. काय करू?"

"दे," ती म्हणाली. "चष्म्यानं काय केलंय?"

"दूरचा नंबर वाढलाय त्यांचा. जवळचं मात्र लख्ख दिसतं."

सासूबाई म्हणाल्या, "ती बारीक अक्षरातली ओळ काढायला सांगतायत ना?"

"आई, तुझं नाव नव्हतंच त्यात," मुलगा समजूत काढत म्हणाला. "नुसतं 'सासूबाई' एवढंच होतं."

"मग मीच की ती! तिला काय दहा सासवा आहेत?" मग त्यांनी पुढ्यातलं ताट जरा बाजूला सरकवलं आणि सुनेकडे वळल्या. "हे बघ. वडलांचा शब्द गेला, तो मी गिळला. आता माझाही शब्द गेला. तोही गिळेन, मला सवय आहे. तू काढ ती ओळ. इतकी वर्षं धूळ खाल्लीस, रिकाम्या हातानं घरी येऊ नकोस. फक्त मला वाचून दाखवू नकोस."

"आई, मी नाही काढणार."

"मग काय करशील? पुन्हा भांडशील? कोणापुढे? ज्यांना हसू येतं त्यांच्यापुढे?"

ती उठून खाली दुकानात जाऊन बसली. मी मागोमाग गेले. काचेच्या कपाटात चष्म्यांच्या फ्रेमा रांगेनं लावलेल्या होत्या आणि ती त्यांच्याकडे बघत होती. शाळेत असताना तिला चूक दाखवली की ती मुकाट्यानं जायची. इथे चूक कुठली ते तिला कोणी सांगू शकत नव्हतं.

दुसऱ्याच आठवड्यात तिनं प्रबंध दाखल केला. मौखिक परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी प्रबंधाची तारीफ केली, विशेषतः चौथ्या प्रकरणाची. "मात्र इथे तुम्ही तुमच्या मार्गदर्शकांच्या खांद्यावर उभ्या आहात, बरं का," असं ते मिस्कीलपणे म्हणाले. सर शेजारीच बसले होते. त्यांनी हात हलवून 'छे छे' केलं. त्यांना खरंच संकोच वाटला असावा. ती म्हणाली, "हो सर," आणि तिला पदवी मिळाली.

महाविद्यालयातली ती जागाही तिला मिळाली. ती चांगली शिकवते असं मुलं सांगतात. तोंडी करारांचा धडा आला की मात्र ती पुस्तकात आहे तेवढंच शिकवते. पुढचं कोणी विचारलं तर म्हणते, अमुक नियतकालिक वाचा. विद्यार्थ्यांना वाटतं बाई फार काटेकोर आहेत, ज्याचं श्रेय त्याला देतात.

समारंभाहून परतताना सासूबाई टॅक्सीत माझ्या शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "वाजवल्या असत्या हो मी. पण टाळ्या कोणासाठी वाजवायच्या ते समजेना. नाव हिचं पुकारलं, आणि आत त्याचं." सून पुढे ड्रायव्हरजवळ बसली होती, तिला ऐकू गेलं असावं. तिनं मागे बघितलं नाही.

घरी आल्यावर सासूबाई जिना चढल्या. तक्त्यापाशी थांबल्या नाहीत. तेव्हापासून थांबत नाहीत.

प्रबंधाची एक बांधीव प्रत तिनं मला दिली आहे. पहिल्या पानावर 'बाईंना' एवढंच लिहिलंय. सवयीनं मी ती लाल पेन घेऊन वाचायला बसले. चौथ्या प्रकरणात माझ्या ओळखीचं ते वाक्य आलं. त्याच्या आधी अवतरणचिन्ह उघडलेलं आहे, नंतर मिटलेलं आहे, पुढे आकडा आहे आणि पानाच्या तळाशी त्या आकड्यासमोर सरांचं नाव. प्रकरणभर तसंच आहे. स्वतःच्या प्रत्येक वाक्याभोवती तिनं ती चिन्हं किती नीट, किती सावकाश टाकली असतील, ते त्यांच्याकडे बघून कळतं. एकही सुटलेलं नाही, एकही तिरकं नाही. लाल पेन मी टोपण लावून ठेवून दिलं.